पैज आचाराची हवी, आकड्याची नको

स्थौल्य ही अवस्था आपल्या संहिताकारांना नवीन नव्हती आणि तिची चिकित्साही आपल्याला नवीन नाही. परंतु तिच्यावर मात करण्यासाठी रुग्ण स्वतःहून शोधून काढतो त्या एका उपायाचा विचार आपल्या परिसंवादांतून क्वचितच होतो. तो उपाय म्हणजे मित्राशी लावलेली पैज.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास हा प्रकार अपरिचित नसावा. लोकलच्या डब्यातील रोजचा ग्रुप, कारखान्यात एकाच पाळीला असणारे सहकारी, बाजारपेठेतील शेजारशेजारचे दुकानदार किंवा एका सोसायटीतील मैत्रिणी यांच्यात थट्टेथट्टेत काही ठरते. गुढीपाडव्यापर्यंत जो सर्वांत अधिक किलो उतरवील, त्याला बाकीच्यांनी पार्टी द्यायची! मग स्पर्धकांपैकी एखादा आपल्याकडे येतो आणि विचारतो, ‘‘डॉक्टर, लवकर उतरेल असं काही द्या ना.’’ अशा वेळी वैद्याने हसून विषय सोडून द्यावा, रुग्णास रागवावे, की त्या पैजेचाच चिकित्सेसाठी उपयोग करून घ्यावा?

माझे मत तिसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहे, मात्र एका अटीवर. पैज काट्यावरील आकड्याची असेल तर तिच्यापासून अपाय संभवतो. तीच पैज आचाराची असेल तर ती चिकित्सेला उत्तम साहाय्य करू शकते. हा भेद का करावयाचा आणि तो व्यवहारात कसा उतरवावयाचा, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

आपल्या परिसरातील हेतू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा स्थौल्याच्या गटात आढळले. त्या सर्वेक्षणात देहभार निर्देशांक २५ ही सीमा धरली होती. भारतीय प्रकृतीच्या व्यक्तींसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचविलेली सीमा त्याहून खालची, म्हणजे अतिवजनासाठी २३ आणि स्थौल्यासाठी २५, अशी आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला तर तो धोक्याचा समजावा, असेही त्यांचे मत आहे. या सीमा लावल्या तर आपल्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्यांपैकी कितीजण त्यांत येतील, याचा अंदाज प्रत्येक वैद्याने मनाशी करून पाहावा.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थौल्याचे जे हेतू दिले आहेत, ते आपल्या तिन्ही शहरांत वेगवेगळ्या रूपांत भेटतात. बदलापूर ते मुंबई हे रेल्वेमार्गाने सुमारे ६८ किलोमीटरचे अंतर. पहाटे घर सोडणारा नोकरदार रात्री नऊच्या पुढे परततो, दिवसभराची भूक एकाच जेवणात भागवतो आणि तासाभरात झोपतो. रविवारी उरलेली झोप दुपारी भरून काढतो, म्हणजे दिवास्वप्नही आले. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीतून १९४९ मध्ये आकाराला आलेले कष्टाळू व्यापाऱ्यांचे शहर. परंतु आज दुकानाच्या गादीवर बारा तास बसणे आणि सकाळी दाल-पकवानाचा भरपेट नाश्ता, यांचा मेळ अव्यायाम व गुरु-स्निग्ध आहार यांच्याशीच बसतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलत राहतात आणि त्यांच्याबरोबर जेवणाच्या वेळाही बदलतात. याशिवाय बीजस्वभाव हा हेतू आहेच. तेव्हा ‘‘तोंडावर ताबा ठेवा’’ एवढाच उपदेश करून आपले कर्तव्य संपत नाही. ज्याचा दिवसच वेळापत्रकाने बांधलेला आहे, त्याच्या धृतीला बाहेरून काही आधार लागतो. पैज हा तसा एक आधार आहे.

उज्जैनची पैज

अशा पैजेचे अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेले उदाहरण नागपूरच्या नितीन गडकरी यांनी घडविले. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री या नात्याने उज्जैन येथील रस्तेप्रकल्पांच्या समारंभात बोलताना त्यांनी तेथील खासदार अनिल फिरोजिया यांना भर सभेत आव्हान दिले. वजन कमी करा, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे मतदारसंघाच्या विकासासाठी १००० कोटी रुपये देऊ, असे ते आव्हान होते. आपले स्वतःचे वजन पूर्वी १३५ किलो होते व आता ते ९३ आहे, हेही त्यांनी त्याच सभेत सांगितले. फिरोजिया यांचे वजन त्या वेळी १२७ किलो होते. त्यांनी विडा उचलला. जूनपर्यंत १५ किलो आणि ऑक्टोबरपर्यंत ३२ किलो वजन उतरविल्याचे त्यांनी जाहीर केले व सुमारे २३०० कोटी रुपयांच्या कामांना मंजुरी मिळाल्याचेही सांगितले. पहाटे उठून चालणे, व्यायाम व योगासने, हलका नाश्ता, जेवणात कोशिंबीर, एक वाटी हिरवी भाजी आणि मिश्र धान्याची एक पोळी, असा आपला क्रम असून आहार आयुर्वेदिक पद्धतीचा आहे, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले होते.

विकासनिधी कोणाच्या वजनावर ठरावा काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासकांवर सोडू. आपल्या दृष्टीने पाहण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. पहिली, संकल्प हजारोंच्या साक्षीने झाला. दुसरी, पणाला लागले ते खासदारांच्या खिशातील धन नव्हते, मतदारसंघाचे हित होते. हरल्यास लोकांना उत्तर द्यावे लागले असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैज जरी किलोंची होती, तरी वजन उतरले ते रोजच्या आहारविहाराच्या क्रमाने. आकडा हे केवळ फळ होते.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही विचार करण्यासारखा आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००८ मध्ये केव्हिन व्होल्प व सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५७ स्थूल व्यक्तींचे तीन गट केले होते आणि १६ आठवड्यांत १६ पौंड, म्हणजे सुमारे सव्वासात किलो, वजन उतरविण्याचे लक्ष्य दिले होते. एका गटाने स्वतःचे पैसे अनामत ठेवले. लक्ष्य चुकले तर ते बुडणार होते. दुसऱ्या गटासाठी सोडत होती. तिसऱ्याला केवळ महिन्याचे वजनमापन होते. सोळा आठवड्यांनंतर अनामत गटाचे सरासरी १४ पौंड, सोडतीच्या गटाचे १३.१ पौंड आणि तिसऱ्या गटाचे अवघे ३.९ पौंड वजन उतरले. येथवर पैजेचा जयच दिसतो. परंतु सातव्या महिन्यात पुन्हा वजने घेतली, तेव्हा प्रोत्साहन मिळालेल्या दोन्ही गटांचे बरेचसे वजन परत आले होते आणि गटांमधील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याजोगा उरला नव्हता. पण सुटला आणि धृतीही सुटली!

रॉबर्ट जेफ्री यांनी केलेल्या व १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. अनामतीचा परतावा प्रत्येकाच्या स्वतंत्र वजनावर ठेवण्याऐवजी गटाच्या सरासरीवर ठेवला, तेव्हा वजन अधिक उतरले. म्हणजे एकमेकांविरुद्ध झुंजण्यापेक्षा एकमेकांसाठी झटणे अधिक फलदायी ठरले. डीन कार्लान व जॉन रोमालिस या दोन अर्थशास्त्रज्ञ मित्रांची गोष्टही प्रसिद्ध आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी वजनासाठी एकमेकांशी वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्या रकमेची पैज लावली होती. लक्ष्य गाठल्यावर ते थांबले नाहीत. उतरलेले वजन टिकविण्यासाठी त्यांनी पैज पुढे चालू ठेवली. या अनुभवातूनच पुढे २००८ मध्ये कार्लान यांनी सहकाऱ्यांसह असे संकल्प-करार करून देणारी ‘स्टिक’ ही सेवा सुरू केली. कमी करणे आणि टिकविणे या दोन स्वतंत्र लढाया आहेत, हे त्यांना उमगले होते.

संहितेचा कौल

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी स्थौल्याच्या हेतूंमध्ये आहार व विहार यांच्याबरोबरच हर्षनित्यत्व आणि अचिंतन हे दोन मानस हेतू सांगितले आहेत. त्याच अध्यायात चिकित्सा सांगताना व्यायामाच्या जोडीला चिंतनाचाही उल्लेख आहे आणि ही सर्व साधने क्रमाने वाढवीत न्यावीत, असा स्पष्ट आदेश आहे. आपण हा भाग पाठ केलेला असतो, पण चिकित्सापत्रावर ‘चिंतन’ कसे लिहावे हे मात्र आपल्याला उमगत नाही. मला वाटते, सुजाण रीतीने लावलेली पैज हे या चिंतनाचेच एक व्यावहारिक रूप आहे. समोर समोशाची बशी आली असता हात क्षणभर थांबतो, तो पैजेच्या आठवणीने. प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश सांगितला आहे. त्यांपैकी स्मृतीला पैज जागे करते आणि धृतीला साक्षीदाराचा टेकू देते. या अर्थाने ती सत्त्वावजयाच्या कक्षेत येते.

परंतु त्याच अध्यायात आकड्याच्या पैजेला निषेध ठरावा असे प्रतिपादनही आहे. स्थूल पुरुषाचे स्रोतस मेदाने रुद्ध झालेले असतात. त्यामुळे वायू कोष्ठात विशेषेकरून संचार करतो व अग्नीला प्रदीप्त करतो. म्हणून त्याला भूक अधिक लागते आणि अन्नाची वेळ टळली तर वणव्याने वन जाळावे तसे हे अग्नी व वायू त्यालाच पीडा देतात. असे असता ‘‘शनिवारपर्यंत काहीच खाणार नाही’’ म्हणणारा स्पर्धक आपल्या व्याधीच्या संप्राप्तीशीच खेळत असतो. म्हणूनच आचार्यांनी स्थूलासाठी गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार योजिला. यव, सावा, कोद्रव, मूग, कुळीथ, पडवळ, आवळा व अनुपानास मधूदक हा त्याचा मार्ग. पोट रिकामे ठेवण्याचा हा उपदेश नव्हे. पोटाला काम द्यावे, मेदाला पोषण देऊ नये, असा तो आहे.

पथ्याचा स्वीकार आणि अपथ्याचा त्याग चतुर्थांशाने, मध्ये अंतर ठेवून करावा, हा पादांशिक क्रमही आपल्याला ठाऊक आहे. एकदम सोडलेली सवय एकदम परत येते. व्होल्प यांच्या अभ्यासातील सातव्या महिन्याचे चित्र आपल्या आचार्यांना मुळीच आश्चर्यकारक वाटले नसते.

कद्रूची युक्ती

महाभारताच्या आदिपर्वात कद्रू व विनता या भगिनींच्या पैजेची कथा आहे. उच्चैःश्रव्याचे शेपूट कोणत्या रंगाचे, यावर दास्याचा पण लागला. घोडा शुभ्र होता. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना त्याच्या शेपटाला चिकटून राहण्यास सांगितले. शेपूट काळे दिसले आणि ती जिंकली. शेपटाचा रंग बदलला नव्हता, तो काळा दिसेल एवढीच व्यवस्था झाली होती.

काट्याच्या पैजेत हेच घडते. वजन घेण्याच्या आदल्या दिवशी पाणी तोडणे, विरेचक घेणे, घामासाठी जाड कपडे घालून धावणे हे सारे शेपटाला चिकटविलेले सर्पच होत. शरीरातील साठविलेली शर्करा संपताना तिच्याबरोबर पुष्कळ पाणी निघून जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो आणि स्पर्धकाला मेद झडल्याचा भास होतो. मेद तेथेच असतो. पुढे फार वेगाने वजन उतरविल्यास स्नायूंचा क्षय होतो आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने पैजेपायी जेवण टाळले, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. २०२५ पासून वजन कमी करणारी नवी इंजेक्शनेही आपल्याकडील औषधबाजारात आली आहेत. योग्य रुग्णाला, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होईल. पण पाच हजारांच्या पैजेसाठी कोणी ती परस्पर मिळवू लागला, तर त्याला आवरणार कोण?

आणि या सर्वांवर कळस म्हणजे पैजेचे बक्षीस! अपतर्पणाच्या स्पर्धेची सांगता बहुधा संतर्पणाच्या मेजवानीने होते. जिंकणाराही बिर्याणीवर ताव मारतो व हरणाराही. दुसऱ्या दिवसापासून दोघेही मोकळे.

आचाराची पैज म्हणजे काय

२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात स्थौल्याचा विषय काढला, तेव्हा खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आव्हान त्यांनी दहा परिचित व्यक्तींना दिले आणि त्यांनी ते पुढे आणखी दहा जणांना द्यावे, असे सुचविले. किती किलो उतरवा, हे त्यात नव्हते. कोणती कृती करा, हे होते. आपल्या पादांशिक क्रमाशी जवळीक सांगणारे हे आव्हान आहे. पैजेचे रूप असेच असावे.

आपल्या भागात अशा पैजेला साचा शोधावा लागणार नाही. उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांत, बदलापूरच्या सोसायट्यांत आणि लोकलच्या महिला डब्यांत भिशी हा प्रकार रुजलेला आहे. परस्परविश्वासावर चालणारी ही व्यवस्था आरोग्यासाठी का वापरू नये? ‘आरोग्याची भिशी’ पुढील रीतीने चालविता येईल, असे सुचवावेसे वाटते.

पाच जणांचा गट असावा. प्रत्येकाने महिन्याला ५०० रुपये गटातील एका विश्वासू व्यक्तीकडे ठेवावेत. प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार व दिनक्रमानुसार वैद्याने तीन-चार नेम ठरवून द्यावेत. उदाहरणार्थ, उशिरा घरी पोहोचणाऱ्या प्रवाशाने सायंकाळी सहाच्या सुमारास घरून नेलेली भाकरी-उसळ खावी आणि रात्री केवळ मुगाचे कढण किंवा पातळ भाजी घ्यावी. रोज ४० मिनिटे अर्धशक्तीने चालावे, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावा लागेल तेथे थांबावे. रविवारीही दुपारी झोपू नये. तळलेले व गोड आठवड्यातून दोनच वेळा घ्यावे. पहिल्या महिन्यात एकच नेम, दुसऱ्यात दोन, असा क्रम ठेवला तर अधिक बरे.

महिन्यातून २४ दिवस नेम पाळणाऱ्यास त्याचे ५०० रुपये परत मिळावेत. चुकलेल्याचे पैसे सामायिक निधीत राहावेत, कोणा जिंकणाऱ्याच्या खिशात जाऊ नयेत. दुसऱ्याच्या अपयशात आपला लाभ असेल तर मित्रच मित्राला वडापावचा आग्रह करू लागतो! गटाची इच्छा असेल तर पाचांपैकी चौघांनी नेम पाळल्यावरच त्या महिन्याचा परतावा द्यावा, म्हणजे मागे पडणाऱ्याला हात देण्याची प्रत्येकाला आच राहील. सहा महिन्यांत गटाचे एकूण १५ हजार रुपये फिरतील. जो निधी उरेल त्याचा विनियोग सर्वांनी मिळून नेरळहून माथेरान पायी चढून जाण्यासाठी किंवा एखाद्या गरजूच्या औषधासाठी करावा. मेजवानीसाठी कदापि करू नये.

वजन महिन्यातून एकदाच, एकाच काट्यावर, सकाळी घ्यावे व जोडीने कंबरेचा घेर मोजावा. त्यांची नोंद चिकित्सेसाठी ठेवावी, हारजीत ठरविण्यासाठी नको. आचार्यांनी अतिस्थूलाचे लक्षण सांगताना शरीराच्या उपचयाच्या मानाने उत्साह नसणे यावर बोट ठेवले आहे. म्हणून स्टेशनचा पादचारी पूल न थांबता चढता येतो काय, पायांतील बुटांची नाडी सहज बांधता येते काय, सकाळी उठताना अंग हलके वाटते काय, हे प्रश्नही नोंदवहीत असावेत. सहा महिन्यांनंतर भिशी बंद करू नये. नेम निम्मे करून ती आणखी सहा महिने चालवावी, कारण टिकविण्याची लढाई तेव्हाच सुरू होते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की ज्याला आतून तळमळ नाही, तो पैजेच्या जोरावर किती काळ चालणार? आक्षेप रास्त आहे. परंतु आपल्या समाजाने चातुर्मासातील नेमांच्या रूपाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. कांदा-लसूण सोडणे, एकभुक्त राहणे असे नेम घरच्यांना व शेजाऱ्यांना सांगून धरले जातात आणि त्यांचे विधिवत उद्यापन होते. सांगितल्यामुळे मोडण्याची लाज वाटते, ठरावीक मुदतीमुळे धीर टिकतो. प्रारंभी बाहेरचा आधार आणि पुढे अंगवळणी पडलेली सवय, हा मार्ग आपल्या परिचयाचाच आहे. भिंतीला धरून चालू लागलेले मूल जन्मभर भिंत धरून चालत नाही.

दुसरा आक्षेप पैज म्हणजे द्यूत, हा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो व पैजेत जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. मला हा कायदा अडचणीचा वाटत नाही, उलट मार्गदर्शक वाटतो. मैत्रीतील पण हा शब्दावरच टिकला पाहिजे. शब्दावर टिकणार नाही एवढी रक्कम लावूच नये. वर सुचविलेल्या भिशीत तर दुसऱ्याचे धन जिंकण्याचा प्रश्नच येत नाही. मनुष्य फार तर स्वतःचे पाचशे रुपये गमावतो आणि तेही सत्कार्याला लागतात.

कोणी पैज लावू नये

काही व्यक्तींना मात्र वैद्याने स्पष्ट शब्दांत परावृत्त केले पाहिजे. गर्भिणी व सूतिका, अठरा वर्षांखालील मुलेमुली, हृदयाचे किंवा वृक्काचे विकार असलेले, इन्सुलिन घेणारे मधुमेही, आहाराविषयी मनात विकृत भय असलेले आणि मुळातच ज्यांचे वजन प्रमाणात आहे असे हौशी लोक यांनी या फंदात पडू नये. ज्यांना जुगाराचे व्यसन आहे किंवा होते, त्यांनाही पैज हा शब्द ऐकवू नये. अकस्मात वजन वाढलेल्या रुग्णाची थायरॉईड इत्यादी तपासणी आधी करावी, पैजेचा विचार मागाहून.

गृहिणींच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. घरात सर्वांच्या आवडीचे रांधणारी, उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपविणारी आणि सर्वांत शेवटी जेवणारी स्त्री पतीशी पैज लावते, तेव्हा ती बरोबरीची स्पर्धा नसते. तिच्या ताटातील पदार्थ ती एकटी ठरवीत नाही. हरल्यावर मिळणारे टोमणे हा तिच्यासाठी पैशांहून मोठा दंड असतो. अशा घरात पैज व्यक्तीने न लावता कुटुंबाने लावावी. महिन्याचे तेल किती आणावयाचे, रात्रीचे जेवण किती वाजता उरकावयाचे, हे नेम सर्वांनी मिळून धरावेत.

वैद्याची मर्यादा

शेवटी आपल्याविषयी. या व्यवहारात वैद्याने साक्षी व मार्गदर्शक असावे. पैशांचा धनको किंवा भागीदार मुळीच होऊ नये. भिशीची रक्कम चिकित्सालयात ठेवू नये आणि गटाला औषधे विकण्याचे निमित्त म्हणूनही तिच्याकडे पाहू नये.

रेल्वे स्थानकांच्या परिसरात ‘‘पंधरा दिवसांत पाच किलो, अन्यथा पैसे परत’’ अशा धर्तीचे फलक अधूनमधून दिसतात. हीदेखील पैजच आहे आणि तीही आकड्याची. फरक इतकाच की ती चिकित्सक म्हणविणाऱ्याने रुग्णाशी लावलेली असते. आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचारविषयक कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे, याचे स्मरण आपल्यापैकी प्रत्येकाने ठेवावे. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी असा फलक लावणारा रुग्णाची धृती वाढवीत नाही. ती विकत मिळते, असा भ्रम तो निर्माण करतो. रुग्णाने मित्राशी लावलेल्या अविचारी पैजेवर आपण टीका करावयाची आणि आपणच तशी पैज भिंतीवर रंगवावयाची, हे शोभणारे नाही.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील वैद्यबंधुभगिनींना माझी विनंती आहे. येत्या वर्षप्रतिपदेला आपल्या रुग्णांपैकी पाच जणांचा एकच गट निवडा. त्यांना नेम लिहून द्या, नोंदवही द्या आणि वर्षभर त्यांचा मागोवा घ्या. जे आढळेल, मग ते यश असो वा अपयश, ते या त्रैमासिकाकडे लिहून पाठवा. दहा चिकित्सालयांतून पन्नास जणांच्या प्रामाणिक नोंदी जमल्या, तर या लेखातील मताचे खंडनमंडन अनुभवाच्या आधारे करता येईल. पैज लावणारा रुग्ण आज आपल्या दाराशी आलेलाच आहे. त्याने काय पणाला लावावे, हे सांगण्याचे काम आपले आहे.